व्हेलोद्रोम दिव्हेर

पॅरिस शहरातील एक भूतपूर्व बंदिस्त सायकल-शर्यतगृह व बहुउद्देशी क्रीडागार. फ्रेंच भाषेत या नावाचा अर्थ ‘हिवाळी सायकल-शर्यतगृह’ असा होतो. सर्वसामान्य पॅरिसवासी त्यास ‘व्हेल दिव्ह’ या संक्षिप्त नावाने ओळखत. सेन नदीच्या डाव्या तीरावर, आयफेल मनोऱ्यापासून जवळच, शहराच्या पंधराव्या विभागात बूलव्हार द ग्रनेल व र्यू नेलातों या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर ते उभे होते. १९१० मध्ये ते खुले झाले व १९५९ मध्ये पाडण्यात आले. यूरोपातील सायकल-शर्यतींच्या इतिहासात त्यास मानाचे स्थान आहे. परंतु आज त्याचे नाव जगभर घेतले जाते ते जुलै १९४२ मध्ये पॅरिसमधील ज्यू कुटुंबांना तेथे डांबून ठेवण्यात आले, या घटनेमुळे. हे दोन इतिहास बहुधा वेगवेगळ्या ग्रंथांतून सांगितले जातात. वस्तुतः ते एकाच वास्तूचे आणि पुष्कळ अंशी तिच्या एकाच गुणाचे इतिहास आहेत. हजारो माणसे सामावून घेणारी, छताखालची, मोजक्या दारांची व कोणत्याही कामास तत्काळ लावता येईल अशी ही जागा होती आणि या गुणाचा उपयोग खेळांच्या आयोजकांप्रमाणेच राज्यकर्त्यांनीही वेळोवेळी करून घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये सायकल-शर्यती हा सर्वांत लोकप्रिय खेळ होता. तथापि उघड्या मैदानावरील शर्यती हिवाळ्यात बंद पडत. आंरी देग्रांझ (१८६५–१९४०) यास ही अडचण दुहेरी जाणवत होती. तो स्वतः शर्यतपटू होता. ११ मे १८९३ रोजी त्याने पॅरिस येथे एका तासात ३५·३२५ किमी. अंतर तोडण्याचा विक्रम नोंदविला होता. पुढे तो ‘लोतो’ या क्रीडाविषयक दैनिकाचा संपादक झाला व या दैनिकाच्या वतीने १९०३ मध्ये त्याने ‘तूर द फ्रान्स’ ही सुप्रसिद्ध शर्यत सुरू केली. हिवाळ्यात शर्यती नाहीत, म्हणजे वृत्तपत्रास बातम्या नाहीत आणि खपही नाही, असे हे सरळ व्यापारी गणित होते. शां द मार्स या मैदानावर १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले यंत्रदालन तेव्हा जवळजवळ रिकामेच पडून होते. सु. ४२० मी. लांब व ११५ मी. रुंद असे हे लोखंड व काच यांचे दालन मधे एकही खांब नसल्यामुळे शर्यतीस सोयीचे होते. गास्ताँ लांबेर या तज्ज्ञाने तेथे ३३३ मी. परिघाचा लाकडी शर्यतमार्ग उभारला आणि २० डिसेंबर १९०३ रोजी पहिल्या शर्यती झाल्या. गारठ्याची पर्वा न करता हजारो प्रेक्षक लोटले. हिवाळी शर्यतींना गिऱ्हाईक आहे हे सिद्ध झाले. तथापि हे दालन आयफेल मनोऱ्यासमोरील दृश्यास अडथळा आणते, अशी तक्रार होतीच. १९०९ मध्ये ते पाडण्याचे ठरल्यावर देग्रांझने जवळच ग्रनेल भागात स्वतंत्र इमारत बांधण्याचे ठरविले. तिचा आराखडाही लांबेर यानेच केला. १३ फेब्रुवारी १९१० रोजी तिचे उद्‌घाटन झाले.

नवी वास्तू बाहेरून फारशी देखणी नव्हती. गुदाम किंवा बाजारगृह वाटावे असा तिचा दर्शनी भाग होता. आत मात्र काचेच्या छताखाली लंबवर्तुळाकार शर्यतमार्ग होता. शर्यतपटू ज्या रेषेवरून सायकल चालवीत त्या रेषेवर त्याची लांबी २५० मी. भरे. जागतिक अजिंक्यपद व ऑलिंपिक शर्यतींसाठी आज हेच अंतर प्रमाण मानले जाते. वळणावर मार्ग बाहेरच्या बाजूस उंच चढत जाई व सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसास तो लाकडी भिंतीसारखा भासे. ही रचना शोभेसाठी नसते. वेगाने वळणाऱ्या सायकलस्वारास वर्तुळाच्या मध्याकडे ओढणारे बल लागते. सपाट जमिनीवर ते केवळ चाकाच्या घर्षणातून मिळते व वेग वाढताच चाक घसरते. मार्गच तिरपा केला, तर पृष्ठभागाच्या प्रतिक्रियेचा एक घटक हे काम करतो व स्वार वेग कमी न करता वळण घेऊ शकतो. जागा अपुरी म्हणून मार्ग आखूड, मार्ग आखूड म्हणून वळणे तीव्र व वळणे तीव्र म्हणून उतार उभा, असे बंदिस्त शर्यतगृहाचे गणित असते. मार्गाच्या वर प्रेक्षकांसाठी सज्ज्यांचे दोन स्तर होते. आतल्या मोकळ्या जागेत चाकांच्या बुटांवर घसरण्याच्या खेळासाठी अंगण केले होते. एकाच इमारतीतून अनेक खेळांचे उत्पन्न काढण्याची कल्पना अशा रीतीने मूळ आराखड्यातच होती.

शर्यतगृहास खरी कीर्ती मिळाली ती सहा दिवसांच्या शर्यतींमुळे. हा प्रकार अमेरिकेत प्रचलित होता. न्यूयॉर्कमधील मॅडिसन स्क्वेअर गार्डन येथे आरंभी एकच स्वार सहा दिवस जमेल तितका वेळ सायकल चालवीत असे. झोपेअभावी स्वारांना भ्रम होत, ते कोसळत. आणि ते पाहण्यास गर्दी होई. अखेर कोणीही दिवसातून १२ तासांपेक्षा अधिक काळ शर्यतीत राहू नये, असा कायदा तेथे १८९८ मध्ये झाला. आयोजकांनी त्यावर तोड काढली. दोघांची जोडी करून एकाने विश्रांती घ्यावी व दुसऱ्याने चालवावे, म्हणजे शर्यत अखंड चालू राही. इंग्रजीत या प्रकारास अद्यापि ‘मॅडिसन’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘आमेरिकेन’. व्हेल दिव्हमध्ये पहिली सहा दिवसांची शर्यत जानेवारी १९१३ मध्ये झाली व ती आल्फ गूले व जो फोगलर या जोडीने जिंकली.

या शर्यतींचे सामाजिक स्वरूप खेळाइतकेच लक्षणीय होते. वरच्या स्वस्त सज्ज्यांत कामगार, फेरीवाले व कारकून जेवणाची पुरचुंडी घेऊन रात्र काढीत. खाली शर्यतमार्गाने वेढलेल्या मधल्या जागेत श्रीमंत मंडळी मेजवान्या झोडीत. धनिकांनी एखाद्या फेरीसाठी रोख बक्षीस जाहीर करावे आणि थकलेल्या स्वारांनी पहाटे त्यासाठी पुन्हा जीव तोडून धावावे, असा रिवाज होता. वरून त्यावर टाळ्या पडत आणि शिव्याही. पॅरिसच्या सर्व वर्गांना एका छताखाली आणणारी स्थळे त्या काळी मोजकीच होती. १९२० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये राहिलेला अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे हाही येथे नियमित येत असे व आपल्या पॅरिसच्या आठवणींत त्याने या शर्यतगृहाविषयी लिहिले आहे.

इतर खेळांनाही येथे हळूहळू स्थान मिळत गेले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिक सामन्यांपैकी मुष्टियुद्ध, कुस्ती, भारोत्तोलन व तलवारबाजी या क्रीडाप्रकारांचे सामने येथे झाले. १९३१ मध्ये जेफ डिक्सन या अमेरिकन आयोजकाने हे शर्यतगृह चालविण्यास घेतले. त्याने इमारतीची दुरुस्ती केली, बर्फाचे क्रीडांगण तयार केले आणि तिला ‘पाले दे स्पोर’ म्हणजे क्रीडाप्रासाद असे नाव दिले. अर्थात जुने नाव लोकांच्या तोंडून गेले नाही. मुष्टियुद्ध, बर्फावरील हॉकी, कुस्ती, सर्कस असे जे जे गर्दी खेचील ते ते त्याने आणले. एका दिवाळखोर सर्कशीचे शंभरावर सिंह आणून त्याने सिंहाच्या शिकारीचा देखावा मांडला. सिंहांनी मात्र शिकारीत मुळीच उत्साह दाखविला नाही व तो प्रयोग हास्यास्पद ठरला. डिक्सन पुढे अमेरिकन हवाई दलात गेला व १९४३ मध्ये फ्रान्सच्या भूमीवरच विमान पाडले जाऊन मरण पावला.

राजकीय सभांसाठीही ही जागा सोयीची होती. १९३० नंतरच्या दशकात डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंनी तिचा वापर केला. स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने मदत मागण्यासाठी ‘ला पासिओनारिया’ या नावाने गाजलेल्या दोलोरेस इबार्रुरी यांचे भाषण सप्टेंबर १९३६ मध्ये येथेच झाले. पुढील वर्षी तुरुंगातून सुटलेल्या शार्ल मोरास या राजसत्तावादी व उघडपणे ज्यूद्वेष्ट्या लेखकाचे स्वागतही येथेच झाले. जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये जुलै १९४१ मध्ये, जर्मन सैन्याच्या बाजूने रशियात लढू इच्छिणाऱ्या फ्रेंच स्वयंसेवक दलाची सभाही याच छताखाली भरली.

माणसांना कोंडून ठेवण्यासाठी या जागेचा उपयोग प्रथम १९४२ मध्ये झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. मे १९४० मध्ये, म्हणजे फ्रान्सचा पाडाव होण्यापूर्वी, प्रजासत्ताकाच्याच सरकारने पॅरिसमधील जर्मन नागरिकत्वाच्या स्त्रियांना शत्रुराष्ट्रीय ठरवून येथे हजर होण्याचा हुकूम काढला. त्यांपैकी अनेक जणी हिटलरच्या छळामुळे पळून आलेल्या ज्यू निर्वासित होत्या. पुढे राजकीय तत्त्वचिंतक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या हाना आरेंट याही त्यांत होत्या. या स्त्रियांना नंतर पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ग्यूर्स येथील छावणीत पाठविण्यात आले. या पूर्वघटनेचा उल्लेख अनेक वृत्तांतांत नसतो. तो नसल्याने १९४२ ची घटना आकाशातून पडल्यासारखी वाटते.

जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाल्यावर देशाचा उत्तर भाग जर्मन लष्कराच्या ताब्यात गेला व व्हिशी येथे मार्शल पेतँ याचे सहकार्यवादी सरकार आले. व्याप्त प्रदेशातील ज्यूंची शिरगणती करण्याचा हुकूम जर्मन अधिकाऱ्यांनी सप्टेंबर १९४० मध्ये काढला. तिची अंमलबजावणी फ्रेंच पोलिसांनी केली व आंद्रे त्यूलार या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पत्ता, व्यवसाय व राष्ट्रीयत्व यांनुसार वर्गीकृत पत्रिका-संग्रह तयार झाला. १९४२ च्या उन्हाळ्यात पश्चिम यूरोपातील ज्यूंना आउश्वित्सकडे पाठविण्याची योजना सुरू झाली, तेव्हा हाच संग्रह कामी आला. जर्मन बाजूने टेओडोर डानेकर व फ्रेंच बाजूने पोलीस खात्याचा सरचिटणीस रने बूस्के यांच्यात वाटाघाटी होऊन, परदेशी व राष्ट्रीयत्वहीन ज्यूंना फ्रेंच पोलीसच अटक करतील, असे ठरले. सोळा वर्षांखालील मुलांची मागणी जर्मनांनी तेव्हा केलेली नव्हती. आईबापांबरोबर तीही न्यावीत, ही सूचना सरकारप्रमुख प्येर लाव्हाल याने केली. त्या मुलांपैकी बहुतेकांचा जन्म फ्रान्समध्ये झालेला होता व कायद्याने ती फ्रेंच नागरिक होती.

१६ जुलै १९४२ च्या पहाटे ही धरपकड सुरू झाली व दुसऱ्या दिवशीही चालू राहिली. पोलिसांच्या हाती सु. २७,४०० पत्रिका दिलेल्या होत्या. प्रत्यक्षात १३,१५२ माणसे पकडली गेली. त्यांत ५,९१९ स्त्रिया, ३,११८ पुरुष व ४,११५ मुले होती. हे आकडे दोन गोष्टी सांगतात. यादीतील निम्म्याहून अधिक लोक वाचले, कारण बातमी फुटली होती. काही पोलिसांनी आधीच सूचना दिली होती व शेजाऱ्यांनी दारे उघडली होती. मात्र अशी संकटे पुरुषांवरच येतात, या पूर्वानुभवामुळे पुरुष लपले व बायका-मुले घरी राहिली. पकडलेल्यांत स्त्रिया व मुले यांचे प्रमाण इतके मोठे आहे, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. मुले नसलेल्यांना थेट पॅरिसजवळील द्रांसी येथील छावणीत नेण्यात आले. कुटुंबांना शहराच्या नेहमीच्या प्रवासी बसगाड्यांतून व्हेल दिव्हमध्ये आणले गेले. त्यांची संख्या आठ हजारांवर होती व त्यांत निम्मी मुले होती.

पंधरा हजारांची गर्दी सहज सामावणाऱ्या जागेत आठ हजार माणसे म्हणजे काही विशेष नव्हे, असे कागदावर वाटले असावे. परंतु प्रेक्षक काही तासांनी घरी जातात. येथे लोक पाच दिवस राहिले. हवाई हल्ल्यांच्या भीतीने काचेचे छत गडद निळ्या रंगाने रंगविलेले होते. कोणी पळू नये म्हणून खिडक्या पक्क्या बंद केल्या होत्या व जुलैचा उकाडा आत साचत होता. शौचकूप आधीच मोजके. त्यांपैकी निम्मे, खिडक्या बाहेर उघडतात या कारणास्तव, बंद ठेवलेले होते. पाणी अत्यल्प होते आणि झोपण्यासाठी जमीन व सज्ज्यांतील बाके याखेरीज काहीच नव्हते. दिवे रात्रंदिवस जळत. रेडक्रॉस व क्वेकर पंथाचे कार्यकर्ते, थोड्या परिचारिका व एका वेळी दोन-तीन डॉक्टर एवढ्यांनाच प्रवेश होता. मुलांत गोवरासारखे साथीचे रोग पसरले. काहींनी वरच्या सज्ज्यांतून खाली उड्या टाकल्या. पहाऱ्यावरील अग्निशामक दलाच्या जवानांनी वरिष्ठांच्या आज्ञेविना पाण्याचे नळ खुले केले व कैद्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या आपल्या खिशांतून बाहेर नेऊन टपालात टाकल्या. त्यांपैकी काही पत्रे उपलब्ध आहेत. अगदी थोडे जण दारावरील शिपायाची नजर चुकवून किंवा त्याच्या डोळेझाकीमुळे निसटले.

तेथून कुटुंबांना ल्वारे प्रांतातील पितिव्हिये व बोन-ला-रोलांद या छावण्यांत नेण्यात आले. मुलांना पाठविण्याविषयी बर्लिनचा निर्णय अद्याप आलेला नव्हता. म्हणून मातांना आधी वेगळे काढून आउश्वित्सला रवाना करण्यात आले. लहान मुले छावण्यांत एकटी राहिली. त्यांतील काहींना स्वतःचे आडनावही सांगता येत नव्हते. ऑगस्टमध्ये त्यांना द्रांसीमार्गे त्याच वाटेने पाठविण्यात आले. या धरपकडीत सापडून आउश्वित्सला गेलेल्या प्रौढांपैकी शंभराहूनही कमी लोक परत आले; तेथे पाठविलेल्या त्या लहान मुलांपैकी कोणीही परतले नाही.

पॅरिस मुक्त झाल्यावर, १९४४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, जर्मनांशी सहकार्य केल्याचा संशय असलेल्यांना याच शर्यतगृहात ठेवण्यात आले. त्या वेळचे एक छायाचित्र दीर्घकाळ १९४२ मधील ज्यू कैद्यांचे म्हणून छापले जात होते. इतिहास-संशोधक सेर्ज क्लार्सफेल्ड यांनी ही चूक उघडकीस आणली. १९४२ च्या घटनेचे ज्ञात असलेले एकमेव छायाचित्र बाहेर उभ्या असलेल्या बसगाड्यांचे आहे. आतल्या दृश्याचे एकही नाही. चित्र हाती नसले की कोणतेही जवळचे चित्र त्या जागी बसविण्याचा मोह अभ्यासकांनाही आवरत नाही, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

युद्धानंतर खेळ पूर्ववत सुरू झाले. १९५१ मध्ये यूरोपीय बास्केटबॉल अजिंक्यपदाचे सामने येथे झाले व अंतिम सामन्यात सोव्हिएट रशियाने चेकोस्लोव्हाकियावर ४५–४४ असा एका गुणाने विजय मिळविला. सहा दिवसांच्या शर्यतीही पुन्हा भरू लागल्या. मात्र मोटारगाडी व दूरचित्रवाणी यांच्या काळात रात्र-रात्र जागून सायकली पाहणारा प्रेक्षक घटत होता व इमारत जुनी झाली होती. नोव्हेंबर १९५८ मध्ये येथील शेवटची सहा दिवसांची शर्यत झाली व ती झाक आंकेतील, आंद्रे दारिगाद व फेर्दिनांदो तेरुत्सी या तिघांच्या संघाने जिंकली. त्याआधी दोनच महिने, अल्जीरियन स्वातंत्र्यवाद्यांनी पॅरिसमध्ये केलेल्या हल्ल्यांनंतर, पोलिसांनी पकडलेल्या अल्जीरियन मुस्लिमांना येथे कोंडून ठेवण्यात आले होते. पोलीसप्रमुख होता मोरीस पापाँ. युद्धकाळात बॉर्दो भागातील ज्यूंच्या रवानगीत भाग घेतल्याबद्दल त्यास १९९८ मध्ये न्यायालयाने दोषी ठरविले. १९४०, १९४२, १९४४ व १९५८ या चार प्रसंगी राज्यकर्ते वेगळे होते व बंदिवानही वेगळे होते. या चार प्रसंगांचे नैतिक वजन सारखे नाही. मात्र गर्दी कोठे कोंडावी या प्रश्नाला प्रशासनाने दर वेळी तेच उत्तर दिले.

१९५९ मध्ये इमारतीच्या काही भागास आग लागली व त्याच वर्षी ती पाडण्यात आली. जागेवर निवासी व सरकारी कचेऱ्यांच्या इमारती उठल्या. अंतर्गत गुप्तवार्ता खात्याचे मुख्यालय १९८० नंतरच्या दशकात र्यू नेलातों येथे आले व २००७ पर्यंत तेथेच होते. सायकल-शर्यतींसाठी पॅरिसला दीर्घकाळ थांबावे लागले. बेर्सी येथील बहुउद्देशी क्रीडागार १९८४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात २५० मी. चा शर्यतमार्ग होता व सहा दिवसांच्या शर्यती काही वर्षे पुन्हा भरल्या. १९८९ नंतर त्या थांबल्या. राष्ट्रीय शर्यतगृह २०१४ मध्ये पॅरिसबाहेर सँ-कांतँ-आं-इव्हलीन येथे उघडले.

इमारत गेल्यानंतर तिची आठवण मात्र वाढत गेली. युद्धोत्तर काळातील स्मृतिलेखांचा भर नाझी आक्रमकांच्या हुकुमावर असे. अटक करणारे हात कोणाचे होते, याचा उच्चार टाळला जाई. आलँ रने याच्या १९५६ मधील अनुबोधपटात पितिव्हिये छावणीच्या छायाचित्रातील फ्रेंच शिपायाची टोपी अभ्यवेक्षण मंडळाच्या आग्रहावरून झाकावी लागली, ही हकीकत या संदर्भात बोलकी आहे. क्लोद लेव्ही व पॉल तियार यांचा या धरपकडीवरील ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन याने १९७२ मध्ये व्हिशी सरकारच्या स्वयंस्फूर्त सहकार्याचे पुरावे मांडले. बूस्के याला १९४९ मध्ये नाममात्र शिक्षा होऊन तीही माफ झाली होती. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप त्याच्यावर १९९१ मध्ये ठेवण्यात आला, परंतु खटला उभा राहण्यापूर्वीच ८ जून १९९३ रोजी त्याचा खून झाला. राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ यांनी, व्हिशी म्हणजे प्रजासत्ताक नव्हे, या भूमिकेवरून राज्याच्या वतीने जबाबदारी स्वीकारण्यास नकार दिला. तथापि त्यांच्याच कारकीर्दीत १९९३ मध्ये या घटनेचा राष्ट्रीय स्मृतिदिन मुक्रर झाला. १६ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी फ्रेंच राज्याचा दोष प्रथमच अधिकृतपणे मान्य केला.

जुन्या जागेजवळ, सेनच्या काठावर, १७ जुलै १९९४ रोजी स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार व्हाल्टर स्पिट्झर हे स्वतः आउश्वित्समधून वाचलेले होते. मुले, गर्भवती स्त्री व आजारी पुरुष यांच्या त्यांनी घडविलेल्या आकृती एका वक्र बैठकीवर आहेत. ही बैठक शर्यतमार्गाच्या वळणाची आठवण देते. प्रत्यक्ष जागेवर, र्यू नेलातों येथे, जुलै २०१७ मध्ये एक छोटी स्मृतिवाटिका खुली झाली असून तेथील भिंतीवर ४,११५ मुलांची नावे कोरलेली आहेत.